अंतर तेच, तास वेगळे

घरातलं कुणी लांब राहायला गेलं की ते किती लांब गेलं हे आपण तासांत सांगतो. माझी बहीण परदेशी स्थायिक झाली त्याला बरीच वर्षं झाली, आणि आजही कुणी विचारलं तर आई "विमानाने पंधरा तास" असंच सांगते. किलोमीटर तिला कुणी विचारत नाही आणि तीही सांगत नाही. तास अंगावरून जातात. पाय आखडतात, डोळे चुरचुरतात, शेजारचा झोपतो आणि आपल्याला झोप येत नाही. किलोमीटर मात्र पायाखालून निमूट निघून जातात.

बहिणीमुळे मला या दोन आकड्यांचा नाद लागला. दोन शहरांची नावं टाकली की मधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ शेजारी शेजारी मांडून देणारे तक्ते आता कुठेही सापडतात. पहिला आकडा पृथ्वीचा आहे, तो पक्का. दुसरा वारा, सीमा, इंजिनं आणि देशादेशांतली भांडणं यांनी मिळून ठरतो. तरीही दोन्ही सारख्याच ठामपणे लिहिलेले असतात, आणि मला हे बरोबर वाटत नाही.

आधी अंतराबद्दल. सुट्टीत भाची आली होती तेव्हा आम्ही दोघी पृथ्वीचा गोल घेऊन बसलो. शिवणाचा दोरा घेतला, त्याचं एक टोक तिने टोकियोवर अंगठ्याने दाबलं, दुसरं मी न्यूयॉर्कवर. भिंतीवरच्या नकाशात ही शहरं जवळपास एकाच उंचीवर दिसतात आणि मधे सगळा पॅसिफिक पसरलेला असतो, त्यामुळे दोरा समुद्रावरून आडवा जाईल असं तिला वाटलं होतं. मी दोरा ताणत गेले तसा तो गोलावरून वर वर सरकला आणि अलास्कावर जाऊन टेकला. "मावशी, दोरा चुकला," म्हणत तिने तो बोटाने खाली ओढला, तर न्यूयॉर्कपर्यंत पुरेना. मग तिने दोन-तीनदा सोडून पाहिला. दर वेळी तो अलास्कावरच गेला.

गोलावर दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत आखूड वाट म्हणजे बृहद्‌वृत्ताचा कंस. गोलाचे बरोबर दोन सारखे भाग करणारं वर्तुळ त्या दोन ठिकाणांतून काढायचं आणि त्याचा लहान तुकडा मोजायचा. आसनासमोरच्या पडद्यावर विमानाची वाट कमानीसारखी वाकलेली दिसते ती यामुळेच. वैमानिक वळसा घेत नसतो, नकाशा सपाट असतो. गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये केलेला तो प्रसिद्ध नकाशा खलाशांसाठी होता. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारी वाट त्यावर सरळ रेघ म्हणून उमटते, आणि एवढ्यासाठी त्याने ध्रुवांकडचे प्रदेश वाटेल तेवढे ताणले. खलाशांची सोय झाली, पण शाळेच्या भिंतीवर तोच नकाशा टांगल्यामुळे आपल्या मनातली अंतरं कायमची बिघडली.

अंतराला आणखी एक गोष्ट आहे जी मला फार आवडते: त्याला कमाल मर्यादा आहे. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणून कुठलीही दोन शहरं एकमेकांपासून फार तर २०,००० किलोमीटरवर असू शकतात. हा आकडा इतका गोळाबेरीज कसा, याचं कारण मीटरच मुळात पृथ्वीवरून घेतला गेला. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर, असं फ्रान्समध्ये १७९० च्या दशकात ठरलं. त्यासाठी देलांब्र आणि मेशँ हे दोघे खगोलशास्त्रज्ञ डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतची भूमी वर्षानुवर्षं मोजत राहिले. विमानवाले आजही अंतर सागरी मैलांत मोजतात, तोही पृथ्वीतूनच आलेला. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे साधारण एक सागरी मैल, १,८५२ मीटर. पृथ्वी ध्रुवांकडे जराशी चपटी आहे, विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवाकडच्यापेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त भरते, पण प्रवाशाला त्याने फरक पडत नाही.

वेळेचं मात्र असं काही नाही. जेट विमान उंचावर ताशी ८५० ते ९०० किलोमीटरने जातं म्हणून अंतराला त्याने भागावं, तर उत्तर नेहमी कमी येतं. जमीन सोडताना विमान वाऱ्याकडे तोंड करून उडतं, मग जायचं पूर्वेला असलं तरी सुरुवात पश्चिमेला होऊ शकते. खालच्या थरांत वेगावर बंधन असतं. उतरणं तर फार आधी सुरू होतं. दर हजार फुटांमागे तीन सागरी मैल, हा वैमानिकांचा जुना हिशेब. ३६,००० फुटांवरून उतरायचं तर शहर २०० किलोमीटर लांब असतानाच विमान खाली येऊ लागलेलं असतं, आणि त्या वेळी बरेच प्रवासी झोपेत असतात.

शिवाय वेळापत्रकातले तास हवेतले नसतातच. उभ्या विमानाच्या चाकांपुढे-मागे रबराचे किंवा लाकडाचे ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान हललं की घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या गावी जागेवर थांबलं की बंद. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, पुढच्या पाच विमानांमागचं थांबणं, उतरल्यावर दाराशी जागा मिळेपर्यंतचा खोळंबा, हे सगळं त्यात धरलेलं असतं. लहान प्रवासात तर हाच वाटा मोठा होतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्टरे ते पापा वेस्टरे अशी विमानसेवा आहे. अंतर जेमतेम २.७ किलोमीटर, वेळापत्रकात २ मिनिटं, आणि वारा अनुकूल असताना हे उड्डाण ५३ सेकंदांत झालेलं आहे. तिथे अंतर आणि वेग यांचा हिशेब करण्यात काही अर्थच उरत नाही. मधे समुद्र आहे एवढंच खरं.

पण वेळेवर खरी सत्ता आहे ती वाऱ्याची, आणि त्याबद्दल मी तासन्‌तास बोलू शकते.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेला जाताना शहर आपल्याकडे येतं आणि वेळ कमी लागतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही, कारण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असतं. उलट पश्चिमेला जायलाच सहसा जास्त वेळ लागतो. दोन्ही गोलार्धांत मधल्या अक्षांशांवर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद आणि प्रचंड वेगवान झोत वाहत असतात. ऊन पडलेला उष्ण प्रदेश आणि थंड ध्रुवीय प्रदेश यांच्या तापमानातल्या फरकातून ते तयार होतात. हिवाळ्यात हा फरक वाढतो तसा झोतही जोर धरतो. कधी त्यातला वारा ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो.

हा वारा पद्धतशीर मोजणाऱ्या पहिल्या लोकांत वासाबुरो ओइशी हा जपानी हवामानशास्त्रज्ञ होता. १९२० च्या दशकात टोकियोजवळच्या तातेनो इथल्या वेधशाळेतून तो फुगे सोडायचा आणि दुर्बिणीसारख्या यंत्रातून त्यांचा माग काढायचा. फुगे इतक्या वेगाने पूर्वेला पळायचे की वर काहीतरी विलक्षण आहे हे त्याच्या लक्षात आलं. जगाला कळावं म्हणून त्याने १९२६ मध्ये आपला अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला. साऱ्या मानवजातीची म्हणून रचलेली ती भाषा वाचणारे मात्र फारच थोडे होते. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ विमानं उंचावरून जपानवर आली तेव्हा या वाऱ्याने वैमानिकांचे सगळे हिशेब उधळले. ओइशीने सदिच्छेने जगापुढे ठेवलेली गोष्ट जगाला युद्धात कळली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

लंडन ते न्यूयॉर्क हे अंतर साडेपाच हजार किलोमीटरच्या थोडं वर. जाताना साधारण आठ तास, येताना सात किंवा त्याहून कमी. ९ फेब्रुवारी २०२० ला 'कियारा' वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. ध्वनीचा वेग मात्र त्याने ओलांडला नाही, कारण ज्या हवेत ते उडत होतं ती हवाच पळत होती. अटलांटिकवरच्या विमानवाटा या झोताकडे बघून रोज नव्याने आखल्या जातात. पूर्वेला जाणाऱ्या झोतात घालायच्या, पश्चिमेला जाणाऱ्या त्याच्या बाजूने काढायच्या. त्या समुद्रावर कालचा रस्ता आज नसतो.

जाताना वाऱ्याने घेतलेला वेळ येताना परत मिळतो, फिटंफाट होते, असं कुणालाही वाटेल. करून बघा. अंतर ५,६०० किलोमीटर, विमानाचा वेग ९००, वारा शांत: जाऊन-येऊन सुमारे १२ तास २७ मिनिटं. आता ताशी २०० चा वारा धरा. त्याच्या बाजूने ५ तास ५ मिनिटं, त्याच्या विरुद्ध पूर्ण ८ तास, बेरीज १३ तास ५ मिनिटं. वाऱ्याने जवळजवळ ४० मिनिटं ठेवून घेतली. कारण सोपं आहे. विरुद्ध वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो, म्हणून त्याचा मार जास्त वेळ खातो, आणि अनुकूल वारा मदतीला असतो तोही थोडाच वेळ.

वाऱ्याची सगळ्यात सुंदर गोष्ट दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को या उड्डाणाची. अटलांटिकवरून ते अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर होत होतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने विमान उलट बाजूने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे तब्बल १,४०० किलोमीटर जास्त, आणि प्रवास झाला साडेचौदा तासांत, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. पाठीवर वारा घेऊन लांबच्या वाटेने गेलेलं विमान आधी पोहोचलं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा गोल काढून दोन्ही बाजूंनी दोरा लावून बघितला होता मी. आखूड वाट म्हणजे लवकरची वाट ही आपली समजूत पायी चालणाऱ्यांची आहे. ज्या हवेत चालायचं तीच चालत असली की ती लागू पडत नाही.

वारा निदान कुणाशी वैर धरत नाही. माणसांचं तसं नाही. हेलसिंकी ते टोकियो सरळ वाटेने आठ हजार किलोमीटरही भरत नाही, पण ती जवळजवळ सगळी रशियावरून जाते. सोव्हिएत काळात ते आकाश बंद होतं. १९५७ मध्ये एसएएस या स्कँडिनेव्हियातल्या विमान कंपनीने कोपनहेगनहून टोकियोला जाणारी विमानं उत्तर ध्रुवाच्या अंगाने, अलास्कात अँकरेजला थांबा घेत नेली. तो प्रवास सुमारे ३२ तासांचा, आणि दक्षिणेकडून आशियाभर थांबत जाण्यापेक्षा पुष्कळ कमी म्हणून लोक त्यावर खूश होते. १९८३ मध्ये फिनलंडच्या फिनएअर कंपनीचं डीसी-१० विमान हेलसिंकीहून न थांबता निघालं, ध्रुवावरून गेलं आणि सुमारे १३ तासांत टोकियोला उतरलं. पुढे सायबेरियावरचं आकाश खुलं झालं, चांगली विमानं आली, वेळ नऊ-साडेनऊ तासांवर आला. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरचं आक्रमण, निर्बंध, प्रतिनिर्बंध, आणि रशियाचं आकाश पुन्हा बंद. तेच विमान पुन्हा ध्रुवावरून, पुन्हा १३ तास.

एकोणचाळीस वर्षांची सगळी प्रगती एका आठवड्यात पुसली गेली. शहरं जागच्या जागी होती, विमानं उत्तम होती, वैमानिक तेच. आपल्याकडचा अनुभवही वेगळा नाही. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणारी विमानं दक्षिणेकडून वळसा घेत होती, आणि एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांवर तीच पाळी पुन्हा आली. तक्त्यातल्या अंतराच्या रकान्यात यातलं काही दिसत नाही. वेळेच्या रकान्यात मात्र सगळं उतरतं, फक्त कारण लिहिलेलं नसतं.

इंजिनांचाही वाटा आहे. दोन इंजिनांच्या विमानाला पूर्वी एका इंजिनावर साठ मिनिटांत कुठल्या तरी धावपट्टीशी पोहोचता येईल अशाच वाटेने जावं लागे, म्हणून महासागरांवर ती किनारा आणि बेटं धरून चालत. १९८५ पासून ही मुदत टप्प्याटप्प्याने वाढत गेली. आज काही विमानांना ती पाच तासांच्याही पुढे मिळते, आणि वाटा सरळ झाल्या.

तास कमी होण्याचा इतिहास वाचताना मात्र मन भरून येतं. १९३५ मध्ये प्रवासी विमानसेवा सुरू झाली तेव्हा ब्रिस्बेनहून लंडनला साडेबारा दिवस लागत. १९४७ मध्ये सिडनी ते लंडन चार दिवसांवर आलं. २०१८ मध्ये पर्थहून निघालेलं विमान न थांबता सुमारे साडेचौदा हजार किलोमीटर जाऊन १७ तासांत लंडनला उतरलं. या सगळ्या काळात ऑस्ट्रेलिया जागचा हलला नाही. एकेक तास कुणीतरी कमवलेला आहे.

त्यातला एक अध्याय मला विशेष जवळचा आहे. १९४३ ते १९४५ या काळात, सिंगापूर जपानच्या ताब्यात गेल्याने जुनी वाट तुटली होती, म्हणून कांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीची, पाण्यावर उतरणारी कॅटलिना विमानं पर्थच्या नदीवरून उडून श्रीलंकेतल्या कोग्गला तळ्यावर उतरत. समुद्रावरचं अंतर साडेपाच हजार किलोमीटरहून जास्त, वेळ २७ ते ३३ तास. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओ मुका, दिशा ताऱ्यांवरून. इंधनाचं ओझं एवढं की प्रवासी फार तर तीन. एकाच उड्डाणात त्यांना दोनदा सूर्योदय दिसे, म्हणून ती 'दुहेरी सूर्योदयाची' उड्डाणं म्हणून ओळखली जातात. पाण्यावरून उडालेलं ते संथ विमान, आत तीन माणसं, टपालाच्या थैल्या, आणि ताऱ्यांची उंची मोजून कागदावर आकडेमोड करणारा दिशादर्शक. आजच्या जेटला हेच अंतर सात तासांचं. ते सात तास असे कंटाळ्याने काढावेत असं हे वाचल्यावर वाटत नाही.

आणि तरीही आईचे "पंधरा तास" कधीच पंधरा नसतात. बहीण येते तेव्हा आम्ही आगमनाच्या दारासमोर उभे असतो. फलकावर तिचं विमान उतरल्याचं दिसतं आणि आई पदर सारखा करून पुढे सरकते. मग सामान, शिक्के, रांगा, आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक अनोळखी चेहऱ्याकडे बघणं. तिच्याकडून हिशेब केला तर घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंत पंधराचे चोवीस होतात. वर घड्याळ बदलतं. निघण्याची वेळ एका गावची, पोहोचण्याची दुसऱ्या गावची, त्यांची वजाबाकी करून काही हाती लागत नाही. ती परत जाते तेव्हा वाऱ्यामुळे दीड तास जास्त लागतो, हे आईला मी सांगितलं होतं. "जातानाच जास्त लागतो होय," एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून वाटतं, त्या तक्त्यांत जाण्याचे आणि येण्याचे तास वेगवेगळे लिहायला हवेत, आणि शेजारी महिना. वाट बघणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

सिडनीहून लंडनला एकाच उड्डाणात पोहोचवायची कांटासची तयारी सुरू आहे. अंतर सुमारे १७,००० किलोमीटर, जास्तीची इंधनटाकी बसवलेलं ए३५०-१०००, आणि आत २२ तासांपर्यंत बसून राहायचं. वीस हजारांच्या मर्यादेला ते इतकं जवळ आहे की त्यानंतर थांबे गाळून वाचवण्यासारखे तास फारसे उरणार नाहीत. वेगच वाढवावा लागेल. ते एकदा झालेलं आहे. ७ फेब्रुवारी १९९६ ला ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या कॉन्कॉर्ड विमानाने न्यूयॉर्क ते लंडन २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत गाठलं. २००३ मध्ये ते थांबलं. इंधन अफाट, तिकीट मूठभरांना परवडणारं, आणि आवाजामुळे जमिनीवरून त्या वेगाने जायला बंदी. तेव्हापासून त्या दोन शहरांमधला वेळ पुन्हा दुप्पट झाला.

तसं विमान परत यावं असं अनेकांना वाटतं. मला त्यापेक्षा बंद झालेली आकाशं खुली व्हावीत असं वाटतं. हेलसिंकीहून टोकियोचे चार तास त्यात आज, आहे त्या विमानाने, वाचतील. त्यासाठी काही नवं शोधून काढायला नको.